कोपऱ्यातलं पिंप

सदर इसम: पुरुष, वय पन्नाशीच्या पुढे व साठीच्या बऱ्यापैकी अलीकडे. अंगकाठी सडसडीत. चष्मे दोन, पैकी एक लांबचा व एक कामाचा. कामाचा बहुतेक वेळा कपाळावर आढळतो. व्यवसाय: कृत्रिम दंतपंक्ती, म्हणजे कवळ्या, घडवणे. विवाह: झालेला नाही, कारण विचारले असता ‘राहून गेलं’ एवढाच खुलासा. शहरात नवीन. वर्तणूक शांत, शेजाऱ्यांची तक्रार नाही. सदर इसम चार जणांच्या एका भटक्या मंडळाचा सदस्य असून, शहरातील खानावळी, बार आणि आसपासच्या मळ्यांतील वाइन यांच्या गुणवत्तेबाबत त्याचा शब्द मंडळात अखेरचा मानला जातो. मंडळाने त्यास एकमताने ‘शास्त्री’ ही पदवी बहाल केलेली आहे. त्याच्या जिभेच्या अधिकारास आजवर कोणीही हरकत घेतलेली नाही.

सदर इसमाला वास येत नाही.

वास एका तापात गेला. ताप साधाच होता, आला तसा उतरला. फक्त जाताना रिकाम्या हाताने गेला नाही. जीभ आपली नेहमीची कामं करत राहिली. खारट ते खारट लागे, गोड ते गोड, आंबट आणि कडूबद्दलही तक्रार नव्हती. पण ज्याला आपण चव चव म्हणून मिरवतो, ते जवळजवळ सगळं नाकाचं काम असतं, आणि जन्मभर त्याचं श्रेय जीभ खात आलेली असते, हे शास्त्रींना नाक संपावर गेल्यावर कळलं. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी. आंबा म्हणजे गोड लगदा. तळलेला कांदा आणि तळलेला बटाटा यांत फरक उरला तो आकाराचा.

तेव्हा ते आपल्या जुन्या गावी राहत होते, जिथे त्यांना सगळे ओळखत. आधी लोकांनी उपाय सांगितले. ते संपल्यावर कीव केली. कीव करून दमल्यावर त्यांनी तिसरी गोष्ट केली, ती म्हणजे त्यांना जेवायला बोलवणं बंद केलं. एकदा चुलतभावाच्या घरी स्वयंपाकघरातून त्यांच्या कानावर आलं, “त्याला कशाला आग्रह करतेस? गाढवाला गुळाची चव काय.” चुलतभाऊ हे वाईट हेतूने म्हणाला नव्हता. बायकोने केलेला पदार्थ थोडा होता आणि माणसं जास्त होती, एवढंच. नंतर मित्रही आपापसांत बेत ठरवू लागले आणि त्यांना कळवेनासे झाले. ‘त्याला उगाच वाईट वाटेल,’ असं कारण होतं. माणसं चांगली होती. त्यामुळे रागावायलाही कुणी सापडेना.

म्हणून या दूरच्या शहरातल्या डेंटल लॅबमध्ये जागा निघाली तेव्हा त्यांनी बहिणीखेरीज कुणालाही न विचारता ती घेतली. आणि आल्यावर त्यांना एक विचित्र सुख मिळालं. जुन्या गावात प्रत्येक वळणावर काहीतरी गहाळ होतं: बेकरीवरून जाताना बेकरी गहाळ, पावसात माती गहाळ, कपाट उघडलं की आई गहाळ. इथे काहीच हरवलेलं नव्हतं. या शहराला कसला वास येतो हे त्यांना मुळात माहीतच नव्हतं. ते काचेच्या पलीकडून शहर बघत होते आणि काच कुणाला दिसत नव्हती.

लॅबमध्ये तर नाक नसणं हा गुणच ठरला. कवळीचा गुलाबी भाग ज्या द्रवात कालवून करतात, त्याचा वास असा असतो की नवखा माणूस दाराशीच परत फिरतो. सगळे कारागीर तोंडाला फडकं बांधत आणि थोड्या थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन उभे राहत. शास्त्री आपले बसून राहत. प्लास्टरचा जबडा बिजागरीवर बसवायचा, दात मेणात रोवायचे, वरचा खालच्याला नीट भेटतोय का ते जबडा मिटून बघायचं, पुन्हा खरवडायचं. मालक इतरांना सांगे, “शिका जरा. याला म्हणतात कामावरची निष्ठा.” शास्त्री खाली बघत. खिडकी उघडी ठेवायचं मात्र त्यांनी स्वतःच्या फुफ्फुसाखातर सोडलं नव्हतं.

मंडळाची सुरुवात जिन्यात झाली. वरच्या मजल्यावर एक विमा सर्वेअर राहत. आपटलेल्या गाड्या बघून कुणाचं म्हणणं खरं आणि कुणाचं बनाव, हे ठरवणं त्यांचं काम. दाराच्या पोच्यावरून गाडी झाडावर गेली की झाड गाडीवर आलं हे सांगतो, असं ते स्वतःच सांगत. त्यांची बायको म्हणजे वहिनी. त्या ग्रंथालयात काम करत आणि घरी मोठ्याने बोलून त्याची भरपाई करत. समोरच्या इमारतीत ताई. इस्पितळात एक्स-रे काढण्यात त्यांची उमर गेलेली. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ हे दिवसभर म्हणून म्हणून त्यांची बाकीची वाक्यंही तेवढीच आखूड झालेली. तिघंही या शहरात इकडून तिकडून आलेली. शनिवारी सर्वेअरांच्या गाडीतून कुठेतरी नवीन जायचं, बसायचं, खायचं, प्यायचं आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, असं त्यांचं चाललेलं होतं. चौथी सीट रिकामी होती. सर्वेअरांना रिकामी सीट बघवत नसे.

पहिल्याच शनिवारी ते बाजारामागच्या एका सूपवाल्याकडे गेले. शास्त्रींनी चमचा तोंडात घेतला, सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि सावकाश चावलं. सवय कामातली होती. कवळी बसवलेली माणसं कशी चावतात हे बघून बघून ते स्वतःही घासाला कारागिरासारखे चावत. बाकीच्या तिघांना मात्र वाटलं, हा माणूस काहीतरी शोधतोय.

“काय म्हणतंय सूप?” सर्वेअरांनी विचारलं.

सांगायची खरी वेळ ती होती. शास्त्रींच्या मनात आलं, आता सांगितलं की ही तिघं ‘अरेरे’ म्हणतील, आणि पुढच्या शनिवारी गाडीत जागा नसेल. दाताखाली कांदा कचकन लागला होता. ते म्हणाले, “शेवटी जरा घाई झालीय.”

नशीब असं, की आचारी मागेच उभा होता. तो ओशाळून म्हणाला, “खरंय साहेब. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, कांदा लवकर उतरवला.”

 वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांची तुलना होती.

झालं. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार माणसं लागत नाहीत, तिघं पुरतात. आणि झाडावर चढलेल्या माणसाला वरून खालची सीट नेहमीच दूर दिसते. शास्त्री खोटं एकदाही बोलले नाहीत. दाताला, ओठाला, टाळूला जे कळलं तेवढंच सांगत राहिले. चीज खाऊन म्हणाले, “दाताला चिकटत नाही, हे महत्त्वाचं.” मासा खाऊन म्हणाले, “कडेला कुरकुरीत, मध्ये ओला. असाच हवा.” बियरचा फेस न्याहाळून म्हणाले, “ही उतावीळ आहे.” मंडळींनी हे सगळं मोठ्या अर्थाने घेतलं. ‘घाई झालीय’ हा तर शिक्काच झाला. तो ज्या ठिकाणावर पडला तिथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. एका बारवर तो फक्त खुर्च्या डुगडुगत होत्या म्हणून पडला. तिथला बटाटा तिघांनाही आवडला होता. पण आपल्याला आवडला म्हणजे आपल्यातच खोट असणार, असं समजून तिघंही गप्प बसली. शास्त्रींना हे तेव्हा दिसलं नव्हतं. ते डोळे मिटून असत.

बहीण दर रविवारी फोन करी.

“दादा, सांगितलंस का त्या लोकांना?”

“तशी वेळ आली नाही.”

“वर्ष होत आलं.”

“हो. पण जेवताना तो विषय नको वाटतो.”

“मग जेवत नसताना सांग की.”

“जेवत नसताना आम्ही भेटत नाही.”

“धन्य आहेस. बरं, दूध नासलं तर कळतं का तुला?”

“दिसतं.”

“आणि शेगडी?”

“विजेची आहे. तू काळजी करू नकोस, मी इथे जाणकार समजला जातो.”

 मग बहीण म्हणाली, “वासरांत लंगडी गाय ऐकली होती. तू तर गायसुद्धा नाहीस.”

अशातच ताईंनी एका दुपारी, हातातला ग्लास नीट खाली ठेवून, जाहीर केलं की त्यांनी इस्पितळाला राजीनामा दिला. कोपऱ्यावरचा छोटा बार, मोजकी टेबलं असलेला, त्या चालवायला घेणार होत्या. म्हाताऱ्या मालकाचे गुडघे गेले होते आणि ताईंनीच त्यांचे एक्स-रे काढले होते; तिथे बोलणं झालं.

“मेनूकार्ड-बिर्ड नाही,” ताई म्हणाल्या. “रोज एक सूप, एक गरम ताट. आणि वाइन एकच. लाल. जो येईल त्याने तीच प्यायची. ती मात्र अशी हवी की माणूस तिच्यासाठी परत यावा.”

“आणि नाही आवडली तर?” वहिनी.

“तर मी उपाशी. परत इस्पितळात घेणार नाहीत, माझ्या जागेवर नवी मुलगी आलीसुद्धा. म्हणून ती शास्त्रींनी निवडायची.”

शास्त्रींच्या हातातला पाव हातातच राहिला. “मी कशाला?”

“मग कोण? सर्वेअरसाहेबांना पेट्रोल दिलं तरी म्हणतील, बरंय.”

“कुठल्या पंपाचं त्यावर आहे,” सर्वेअर म्हणाले.

त्या आठवड्यात शास्त्रींनी दोनदा ताईंच्या दारापर्यंत जाऊन घंटीवर बोट ठेवलं. एकदा आतून ताईंचा फोनवरचा आवाज आला, “नाही हो, मी कशाला घाबरू? माझ्याकडे माणूस आहे.” ते परत फिरले. दुसऱ्यांदा दार उघडलं, पण ताईंनी त्यांच्या हातात लगेच पडद्याच्या कापडाचे दोन तुकडे दिले आणि कुठला बरा विचारलं. निळा, असं सांगून ते आले. तिथे निदान डोळे होते.

शनिवारी मंडळ शहराबाहेर निघालं. कारखाने मागे पडले, मग गोदामं, मग दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या ओळी सुरू झाल्या, केस विंचरल्यासारख्या. पहिली वाइनरी काचेची होती. तिथे एका मुलीने प्रत्येक ग्लासाआधी एक भाषण केलं. “हिच्यात आधी सुकलेल्या फळांचा गंध येतो, मग ओल्या लाकडाचा, आणि अगदी शेवटी, पाठीमागून, चामड्याची चाहूल.”

“चामडं म्हणजे बुटाचं की सीटचं?” सर्वेअरांनी धंद्याच्या आस्थेने विचारलं.

शास्त्रींना या यादीतलं काहीच आलं नाही. वाइन फार पातळ लागली. ते “घाई” एवढंच पुटपुटले आणि चौघं उठली. मुलीचा चेहरा पडला. शास्त्री गाडीत बसेपर्यंत तिच्याकडे बघायचं टाळत राहिले.

दुसरी वाइनरी म्हणजे दगडी भिंतींची एक लांबट शेड होती. मालक एकटाच, म्हातारा, हातात पाण्याचा पाइप धरून फरशी धूत होता. त्याच्याकडे भाषण नव्हतं. ते सर्वेअरांनी केलं. “हे आमचे शास्त्री. हे घोट घेतात आणि आचारी आतून येऊन कबुली देतो. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझा धंदाच खोटं पकडण्याचा आहे.”

मालकाने शास्त्रींकडे बघितलं आणि पाइप बंद केला. त्याच्या चेहऱ्यावर, तपासणीला साहेब आल्यावर येतो, तसा भाव आला.

शेडमध्ये पिंपं ओळीने मांडलेली होती. एक तेवढं लांब, कोपऱ्यात, ताडपत्रीखाली होतं. शास्त्रींना सगळी पिंपं सारखीच होती. वेगळं दिसलं ते हे एकच. त्यांनी बोट दाखवलं. “ते काय आहे?”

“ते राहू द्या,” मालक म्हणाला आणि चालत जाऊन त्या पिंपासमोर उभा राहिला.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. जगातल्या यच्चयावत घरांत चांगली वस्तू मागे झाकून ठेवतात आणि पाहुण्यासमोर दुसरी आणतात, हे चौघांनाही ठाऊक होतं. सर्वेअर हलक्या आवाजात म्हणाले, “बघा, एवढ्यातून नेमकं तेच ओळखलं.”

“तेच द्या,” ताई म्हणाल्या.

मालकाने एकदा तोंड उघडलं, शास्त्रींकडे बघितलं, आणि मिटलं. मग काचेच्या नळीने पिंपातून वाइन ओढून चार ग्लासांत थोडी थोडी सोडली, आणि जरा विचार करून पाचव्या ग्लासात स्वतःसाठीही.

शास्त्रींनी डोळे मिटले, घोट घेतला. आणि खरोखर, इतक्या दिवसांत तोंडाला इतकं सुख झालं नव्हतं. वाइन जड होती, गालांच्या आत भरून राहिली, जिभेच्या कडांना हळूच ओढ देऊन गेली, गिळल्यावर हिरड्यांवर मऊ थर ठेवून गेली. आज काही बनवायला नको, जे आहे ते सांगावं, अशी पहिलीच वेळ. ते मनापासून म्हणाले, “हीच.”

आणि बोलण्याच्या भरात नेहमीपेक्षा लवकर डोळे उघडले.

ताईंच्या नाकपुड्या आवळलेल्या होत्या आणि वरचा ओठ दातांपासून सुटून वर गेला होता. वहिनींनी घोट एका गालात धरून ठेवला होता, आणि त्यांची नजर बेसिन शोधणाऱ्या माणसासारखी भिंतीवरून फिरत होती. सर्वेअरांनी काढा गिळावा तशी वाइन गिळली होती. शास्त्रींचं आयुष्य तोंडं बघण्यात गेलेलं. माणूस काहीही बोलो, तोंड लपवत नाही. ज्याला कवळी टोचते तो ‘छान बसलीय’ म्हणतो तेव्हाही त्याचा ओठ खरं सांगत असतो. इथे तीन ओठ एकच गोष्ट सांगत होते.

मग त्यांच्या देखत ते ओठ बदलले. त्यांचा शब्द हवेत होता आणि तिघं त्याच्या मापाने आपली तोंडं खरवडून बसवत होती. ताईंनी ओठ खाली आणला, पुन्हा एक घोट घेतला. “हो,” त्या म्हणाल्या. “हळूहळू कळते.”

वहिनींनी गिळलं. “वेगळीच आहे, नाही?”

“भारी काम आहे,” सर्वेअर म्हणाले. “उगाच कुणालाही कळणारी नाही.”

मालकाने आपल्या ग्लासात नाक घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

ताई त्याच्याकडे वळल्या. “हे सगळं पिंप माझ्यासाठी ठेवा. दुसऱ्या कुणाला देऊ नका.”

“ताई, थांबा,” शास्त्री म्हणाले. “मला वास येत नाही.”

“सर्दी झालीय का, भावजी?” वहिनींनी काळजीने विचारलं.

“सर्दी नाही. येतच नाही. एका तापात गेला. तुम्ही भेटायच्या आधी.”

“म्हणजे आज…”

“म्हणजे कधीच.”

शेडच्या दारातून एक कोंबडी आत आली, ओल्या फरशीकडे बघून परत गेली. वहिनी सावकाश म्हणाल्या, “मग तो मासा?”

“कुरकुरीत होता.”

“आणि ते चीज? माझ्या बहिणीला पाठवलं मी ते.”

“दाताला चिकटत नव्हतं.”

ताई कुणाकडेही न बघता ग्लास नाकाजवळ घेऊन उभ्या होत्या. “याला ओल्या पोत्याचा वास येतोय,” त्या म्हणाल्या.

“येणारच,” मालक म्हणाला, आणि कोंडलेला श्वास त्याने सोडला. “पिंपाला आतून बुरशी लागलीय. उद्या ओतून टाकणार होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“हे म्हणाले, हीच. मला वाटलं, आपलंच नाक म्हातारं झालं असेल.” तो ओशाळला. “मी तर मनात तिच्यासाठी नावही शोधत होतो.”

तिसऱ्या वाइनरीकडे कुणी जाऊया म्हणालं नाही. परतताना द्राक्षाच्या ओळी मागे पडल्या. मग सर्वेअर म्हणाले, “वर्षभर. माझ्या शेजारी. माझ्याच गाडीत.”

“तुम्हाला पोचा दिसला नाही ना,” वहिनी म्हणाल्या, “म्हणून कळलं नाही.”

“तू काय ओळखलंस मोठं?”

“मी कधी म्हटलं की मी खोटं पकडते? मी पुस्तकं देते.”

शास्त्री मागच्या सीटवर खिडकीला टेकून होते. ते म्हणाले, “ताई, चूक झाली माझी. तुमचं फार नुकसान झालं असतं.”

ताई पुढे बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. “तुमची चूक आहेच. ती तुमची तुम्ही बघा. मी माझ्या नाकाचा विचार करतेय. मला तो वास आला होता. स्पष्ट. आणि मी त्याला गप्प बसवलं.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “दिवसभर लोकांना सांगायचे, श्वास धरा. आज स्वतःच धरून बसले.”

पुढच्या शनिवारी खालून हॉर्न वाजला नाही. शास्त्रींनी बटाटे उकडले, मीठ लावून खाल्ले. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते, म्हणजे वरची दोघंही कुठे गेली नव्हती. पण त्यात समाधान मानण्याजोगं काही नव्हतं. जुन्या गावात त्यांना बोलावणं बंद झालं तेव्हा निदान त्यांनी काही केलेलं नव्हतं. इथे कारण होतं, आणि ते त्यांना पटत होतं. जिन्यात सर्वेअर भेटले. “नमस्कार,” म्हणाले. शास्त्रीही “नमस्कार” म्हणाले. वर्षभरात ते एकमेकांना पहिल्यांदाच नमस्कार करत होते.

बहिणीला त्यांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं.” मग म्हणाली, “बरं झालं म्हणजे वाईट झालं, पण बरं झालं.”

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ताई थेट लॅबमध्ये आल्या. शास्त्री एका जबड्याच्या दाढा मेणात सरळ करत होते. ताई दारातच थबकल्या, पदर नाकाला लावला.

“इथे बसता कसे तुम्ही?”

शास्त्रींनी कामाचा चष्मा कपाळावर ढकलला आणि नुसतं बघितलं. ताईंच्या लक्षात आलं. पदराआडून एक आवाज आला. तो हसण्याचा असावा.

“मी तीन ठिकाणच्या बाटल्या आणल्यात,” त्या म्हणाल्या. “दारोदार हिंडून, स्वतः हुंगून. आता त्यातली एक ठरवायची. शनिवारी दुपारी बारवर या.”

“ताई, मला त्यातलं काही…”

“माहितीय. म्हणूनच बोलावतेय. कुठली कुठली ते न बघता प्यायची आहे. कुणीतरी ओतायला हवं. सर्वेअरसाहेबांनी ओतली की भुवई उडवतात. वहिनी ओततील, पण सांगून टाकतील. तुमच्या तोंडावर काही येणारच नाही, कारण यायला काही नाही.”

लॅबचा मालक गॅलरीतून आत डोकावला आणि ताईंचा पदर बघून शास्त्रींकडे अभिमानाने बघत परत गेला.

“वहिनी रागावल्या असतील,” शास्त्री म्हणाले.

“आहेत. राग आहे म्हणून माणसाने प्यायचं नाही असं कुठे आहे?”

शनिवारी बारमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, भिंतीशी शिडी होती, आणि निळं कापड अर्धं शिवून खिडकीत टांगलं होतं. रंग ताजा होता. वासाचं तिघं बोलली, म्हणून शास्त्रींना कळलं. खिडक्या उघडून रंग बाहेर जाईपर्यंत सगळे ताटकळत उभे राहिले.

वहिनी समोर येऊन म्हणाल्या, “भावजी, मला मासा आवडत नाही.”

“बरं.”

“कधीच आवडला नाही. वर्षभर खाल्ला.”

“मला वाटायचं, तुम्ही सावकाश खाता.”

“काटे काढल्याचं नाटक करत होते.”

“आणि मला आवडायचा की नाही, हे मला आता आठवेना,” सर्वेअर म्हणाले. “घरी विचारलं तर ही म्हणते, तुम्हाला सगळंच आवडतं.”

शास्त्री काउंटरमागे गेले. बाटल्यांवर ताईंनी कागद गुंडाळून ठेवले होते. त्यांनी तिघांसमोर तीन-तीन ग्लास मांडले, मोजून सारखी ओतली, पहिली, दुसरी, तिसरी असं बोटाने दाखवलं. तिघांनी पहिला घोट घेतला. आणि सवय ही अशी चिवट, की घोट घेतल्याबरोबर तिन्ही चेहरे वर झाले आणि त्यांच्याकडे बघू लागले.

शास्त्री वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

 वर्षभर न वापरलेली वस्तू माळ्यावरून काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तिघांनी घेतला. भिंतीवर नव्या रंगात कुंच्याचा एक केस चिकटून राहिला होता. शास्त्री त्याच्याकडे बघत उभे होते. आपल्याला यातलं काही कधी कळणार नाही, ही गोष्ट त्यांना ताप उतरल्यापासून माहीत होती. फक्त तिच्याबरोबर असं उघड्यावर, चार माणसांत उभं राहायची वेळ आलेली नव्हती. वाटलं होतं तेवढं ते कठीण नव्हतं. पाय तेवढे जरा दुखत होते.

“पहिली,” मागून वहिनींचा आवाज आला. “नाही, थांबा. हो. पहिलीच.”

“पहिलीत काय आहे?” सर्वेअर. “सरबत आहे ते. दुसरी घ्या, दुसरीला जरा अंग आहे.”

“दुसरीला कसला तरी धुराचा वास आहे.”

“तोच तर चांगला आहे.”

“घरी पोळी करपली तर मात्र तोच वाईट असतो.”

“ताई, हिला सांगा काहीतरी.”

“मी पितेय,” ताई म्हणाल्या. “बोलू नका.”

भांडण वाढत गेलं. सर्वेअरांनी वहिनींच्या माहेरचा उल्लेख केला. वहिनींनी सर्वेअरांना त्यांनीच निवडलेल्या तीन हॉटेलांची आठवण करून दिली आणि चौथ्याचीही दिली. शास्त्रींनी पाठमोरं राहूनच, उरलेल्यातली थोडी एका ग्लासात घेतली आणि प्यायली. गार होती, किंचित आंबट, तोंडात नीट बसत होती. कशी आहे असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं आणि बरंच बरं वाटलं.

वहिनी पहिलीवर अडून राहिल्या, सर्वेअर दुसरीवर. ताईंनी बारसाठी तिसरी घेतली.